तांदळात घातलेला हात

काका, जेवण झाल्यावर तुम्ही गोदामात जाऊन काय करत होतात ते मला आता कळलं. कळायला पस्तीस वर्षं लागली, आणि कळलं तेही डोक्याला नाही, हातापायांना. आज शनिवार, दुपारचे अडीच वाजलेत. सव्वा वाजता जेवले, दीडला सुरू झालं, दोनपर्यंत चाललं. आता कुठे हात पेन धरण्याइतका थाऱ्यावर आलाय. अक्षर वाकडं आलं तर सांभाळून घ्या. तसं ते सरळ कधीच नव्हतं, तुम्हाला माहीतच आहे. चौथीत शाळा सुटलेल्या बाईच्या हातात रोज सकाळी खडू देऊन तुम्ही फळ्यावर ‘आजचे जेवण’ लिहून घेत होतात, त्यावरच माझं लिहिणं-वाचणं उभं राहिलं. मटकी, दुधी, कोबी, वरण. माझी बाराखडी भाजीबाजारातूनच आली म्हणायची.

मी आता खांदेश्वरला मुलाच्या फ्लॅटमध्ये असते. मुलगा कामासाठी आठवड्यातले चार-पाच दिवस पुण्याला, या शनिवारीही तिकडेच. सून बेलापूरला सरकारी ऑफिसात, सकाळी डबे करून पळते. घरात खायला काही कमी नाही. आणि जिनं जन्मभर कंपनीच्या कॅन्टीनमध्ये तीनशे माणसांना जेवू घातलं, तिला म्हातारपणी जेवायची भीती वाटते. हसाल तुम्ही. हसा. मीही आधी हसलेच होते.

होतं काय, ते सांगते. जेवताना काही नसतं. भूक असते, चव लागते. ताट विसळून पदराला हात पुसावे, आणि दहा-पंधरा मिनिटांनी कान गरम होतात. छातीत कुणी घाईघाईनं जिना चढतंय असं धडधडायला लागतं. बोटं थरथरतात, तळवे गार पडतात, पाठीवरून घाम उतरतो. हेही सोसलं असतं, सोसायची सवय आहे. पण सोबत भीती येते. कशाची म्हणाल तर कशाचीच नाही. मला दर वेळी वाटतं, गॅस चालू राहिलाय. उठून बघते, बंद असतो. येऊन बसते, परत वाटतं, नाही, राहिलाय. अर्धा तास असं चालतं आणि मग जसं आलं तसं निघून जातं. मागे मी राहते, पिळून दांडीवर टाकलेल्या फडक्यासारखी.

पहिल्यांदा झालं ते गणपतीत, नैवेद्याचं जेवण उरकल्यावर. मुलानं दवाखान्यात नेलं, छातीला वायरी लावल्या, रक्त काढलं, सगळं नॉर्मल. महिन्याभरात परत नेलं, परत नॉर्मल. मुलगा म्हणाला, “आई, रिपोर्ट क्लिअर आहेत, आता टेन्शन घेऊ नको.” मी म्हटलं, “मी घेत नाही रे बाबा, ते येतं.” शेवटी तिथेच एक तरुण डॉक्टरीणबाई भेटली, तिनं खुर्ची ओढून नीट समजावलं. जेवण झालं की काहींच्या रक्तातली साखर भरभर चढते आणि तशीच उतरते, मग शरीर घाबरतं आणि ॲड्रेनलिन नावाचा रस सोडतं. संकटात पळता यावं म्हणून देवानं दिलेला. संकट काहीच नसतं, पण अंगाची पळायची तयारी झालेली असते, आणि मग मन बसतं संकट शोधत. म्हणाली, “आजी, हे तुमच्या बाबतीत असंच असेल असं वाटतंय. यानं जीव जात नाही. पण जेवण सोडू नका, सोडलंत तर आणखी वाढेल.” मला एकदम आपल्या कंपनीचा भोंगा आठवला. आग नसताना भर दुपारी वाजला होता तो. बिघडलाय हे सगळ्यांना माहीत होतं, तरी माणसं गेटकडे पळालीच ना? तसंच हे.

तिनं सांगितलं तसं करून बघितलं. थोडं थोडं, चार वेळा खायचं. आधी वरण-उसळ, मग भात, तोही कमी. गोड वेगळं खायचं नाही. जेवल्यावर पडायचं नाही, हळूहळू चालायचं, श्वास लांब सोडायचा. फरक पडला, नाही असं नाही. पण जो धसका एकदा बसला तो बसला. ताट समोर आलं की मला पुढचा अर्धा तास दिसायला लागला. मग मी जेवण चुकवू लागले. सूनबाईला सांगायचं, “तू जेव, मी मागनं जेवते.” डॉक्टरीणबाईंनी नेमकं जे करू नको म्हणून सांगितलं, तेच. आणि हे सगळं चोरून हो. दोनदा दवाखान्याच्या पायऱ्या चढायला लावून मुलाला दमवलं होतं, तिसऱ्यांदा कुठल्या तोंडानं सांगू? “बरंय आता,” म्हणत राहिले.

अशातच एक दिवस तांदूळ धुवायला म्हणून डब्यात हात घातला. नुकतेच चार घास खाल्ले होते, धडधड सुरू झाली होती. हात मनगटापर्यंत आत गेला आणि कसं सांगू काका, तो गारवा. ओला नाही, कोरडा. चहूबाजूंनी हात धरल्यासारखा. मी हात तसाच ठेवला. डोळे मिटले. आणि मिटल्या डोळ्यांपुढे तुम्ही आलात.

तेव्हाचं रबाळे. स्टेशन अजून झालेलं नाही, कंपनीच्या गेटपर्यंत घोट्याएवढा चिखल. मी तिशीची, पदरात दोन पोरं, नवरा आजारानं खाटेला. चपात्या लाटायला म्हणून लागलेय. पहिल्याच दिवशी तुम्ही एक चपाती उजेडात धरता आणि म्हणता, “बाय, कड कच्ची राहिली. आठ तास मशीनवर उभा राहिलेला माणूस ही चावत बसणार काय?” मला रडू येतं. तुम्ही ती कच्ची चपाती स्वतः खाता आणि पुढची भाजून दाखवता. कोकणातले तुम्ही, अंगानं काटकुळे, डोक्याला टॉवेल. कुणी आचारी म्हणो, कुणी काका म्हणो, तुम्ही मान वर न करता “हां” म्हणता.

आणि पावणेबाराला पहिलं ताट. मी येण्याच्या कितीतरी आधीची ती रीत होती. गल्लीतल्या दुसऱ्या एका कारखान्यात जेवणातून माणसांना त्रास झाला होता म्हणे, तेव्हा आपल्याकडच्या कामगारांनीही घाबरून जेवण बंद केलं. तुम्ही काय केलंत, तर ताट वाढून घेतलंत, मधल्या टेबलावर जाऊन बसलात आणि सगळ्यांच्या देखत शेवटच्या शितापर्यंत जेवलात. तेव्हापासून ते रोजचं झालं. रांग काऊंटरला लागलेली, तुम्ही समोर बसून जेवताय, आणि रांगेतला पहिला गडी ओरडतोय, “काय काका, जिवंत?” तुम्ही तोंडातला घास संपवून म्हणायचात, “सध्या तरी. घ्या ताटं.” सगळे हसायचे आणि पळ्या टोपात पडायच्या. तीनशे माणसं त्या एका “सध्या तरी”वर जेवायची.

ताट संपलं की तुम्ही उठायचात, घाई न करता हात धुवायचात, आणि ऐन गर्दीत गायब. पाऊण तास. मी आणि दुसऱ्या दोघी वाढून वाढून मेटाकुटीला यायचो. मला वाटायचं, म्हातारा बिडी ओढायला जातो. एकदा चिडून मीठ आणायचं निमित्त केलं आणि गोदामाच्या दारात जाऊन उभी राहिले. तुम्ही गोणीवर बसलेले. शेजारच्या उघड्या गोणीत उजवा हात कोपरापर्यंत. डोळे मिटलेले, ओठ हलताहेत, मोजताय की नाव घेताय कळत नव्हतं. मी मीठ न घेताच परतले. “एवढे तांदूळ आहेत, त्यात हात घालून बसायचं काय?” असं दुसऱ्या दोघींना फणकाऱ्यानं सांगितलंही.

तुमचं एक बोलणं मला तेव्हा नुसतं लागलं होतं, त्याचा अर्थ आज लागतोय. ताटात अर्धं टाकून गेलेल्या कुणाला मी “माजलेत मेले” म्हटलं. तुम्ही भांडी घासायच्या मोरीवरून वळून बघितलंत. “बाय, उरलेल्या ताटावरून माणसाला नावं ठेवू नयेत. पोटात काय चाललंय ते पोटालाच ठाऊक.” आवाज चढवला नव्हतात. तुम्ही कधीच चढवला नाहीत. गोदामाचं प्रकरण झालं तेव्हाही नाही.

सुपरवायझरला मीच सांगितलं होतं, काका. तुम्ही जेवून कुठे जाता असं त्यानं विचारलं, आणि गर्दीनं वैतागलेल्या माझ्या तोंडून निघून गेलं, “गोदामात बसतात, गोणीत हात घालून.” त्यानं त्यातून भलताच अर्थ काढला. दुसऱ्या दिवशी सगळ्या बायकांसमोर त्यानं तुम्हाला उभं केलं. “काय काका, तांदूळ कुठे जातात?” तुम्ही म्हणालात, “कुठे नाही जात. हात घालून बसतो. गार वाटतं.” तो हसला. “गार वाटतं! ऐकलं का?” आणि खरंच दोघी-तिघी हसल्या. तुम्ही एवढंच म्हणाला असतात की जेवल्यावर मला असं होतं, हातपाय थरथरतात, तर कदाचित त्यानं ऐकलं असतं. मला कितीतरी वर्षं वाटायचं, का नाही बोललात? ज्याचं जळतं त्यालाच कळतं. आचाऱ्याला स्वतःचंच जेवण जेवून घाम फुटतो, हे एकदा रांगेत पोचलं असतं तर दुसऱ्या दिवशी एकानं तरी ताट उचललं असतं का? तुमच्या त्या “सध्या तरी”ला काय किंमत राहिली असती? चोर म्हणवून घेतलंत, पण जेवणाला बोल लागू दिला नाहीत. दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणाले, तुम्ही आला नाहीत.

जाताना गेटपाशी तुम्ही मला तुमचं ताट दिलंत. स्टीलचं, काठाला पोचा आलेलं. “पहिलं ताट चुकवू नकोस, बाय. हळू खा, पण संपव.” त्या ताटात मी पुढची बावीस वर्षं पहिलं जेवले. “काय मावशी, जिवंत?” “सध्या तरी.” मला काही होत नव्हतं, म्हणून मला ते ताट कधी जड वाटलं नाही. तुम्ही ते रोज कसं उचललंत, देव जाणे. पुढे काय होणार हे माहीत असून, हसत, रांगेसमोर.

आता घरचं ऐका. मी आपलं समजत होते की माझं लपवणं तुमच्यासारखंच, कुणाला त्रास नको म्हणून. तसं नव्हतं ते. गेल्या आठवड्यात सूनबाईला कचऱ्याच्या डब्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेली भाजी-चपाती सापडली. तिनं पहाटे उठून केलेली भरली वांगी. तिनं ती पुडी उघडून ओट्यावर ठेवली. मग म्हणाली, “आई, सरळ सांगायचं ना. माझ्या हातचं तुम्हाला चालत नाही.”

“अगं, तसं नाही.”

“मग कसं? तीनशे माणसांचं करणाऱ्या बाईला माझं काय आवडणार! मी पण वेडी, रोज विचारते, मीठ बरोबर आहे का म्हणून. तुम्ही ‘छान झालंय’ म्हणता आणि टाकून देता.”

तेव्हाही मी तिला खरं सांगितलं नाही. तुमच्यापाशी निदान तीनशे माणसांचं कारण होतं. माझ्यापाशी काय होतं? लाज. दोन दिवसांनी तिनं माझ्यासाठी पोळीभाजी केंद्रातून डबा लावला. टेबलावर ठेवून म्हणाली, “हे तरी जेवा. बाहेरच्या बाईच्या हातचं आहे.” टोमणा होता, पण डोळे भरलेले होते. पोरीनं आई लहानपणीच गमावलीय. लग्न होऊन आली तेव्हा मी तिला वरणाला फोडणी घालायला शिकवलं होतं, आणि तीच आता माझ्यासाठी विकतचा डबा उघडत होती. तो डबाही मी अर्धाच खाल्ला, तर तिनं बघितलं न बघितल्यासारखं केलं. घरात एवढं परक्यासारखं मला कधी वाटलं नव्हतं. माझी ब्लाऊजं ढगळ व्हायला लागलीत, तेही तिला दिसत होतंच.

म्हणून आज सकाळी मी तिला म्हटलं, “आज सुट्टी आहे तुला. भरली वांगी कर.” ती म्हणाली, “कशाला? टाकायला?” मी म्हटलं, “कर तर.” माळ्यावरून तुमचं ताट काढलं, घासून लख्ख केलं. तिनं केलं हो, मुकाट्यानं, पण केलं. मी टेबलावर बसले आणि तिला समोर बसवलं. “तू नंतर जेव. पहिलं ताट माझं.” तिला वाटलं असेल, म्हातारीचं काहीतरी नवीन. आधी वांगं, वरण, मग चपाती, शेवटी दोन घास भात. हळू खाल्लं. संपवलं. कूट जरा जास्त झालं होतं, तेही सांगितलं. खोटं “छान” म्हणायचं नाही असं ठरवलं होतं.

मग मी गॅलरीत कपडे काढायला गेले नाही. आजवर तेच निमित्त असायचं. बसून राहिले आणि म्हटलं, “आता जे होईल ते बघ. घाबरू नकोस. भाजीचा यात काही दोष नाही, हे आधी सांगून ठेवते.” दीड वाजता कान तापले. बोटं टेबलावर वाजायला लागली. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, “अहो आई, किती गार पडलाय! हे रोज होतं?”

“जेवले की.”

“आणि तुम्ही एकट्या बसायच्या? मी दहा फुटांवर असताना?”

मी म्हटलं, “गॅस बंद आहे का बघ.” ती उठली, बघून आली. “बंद आहे.” दोन मिनिटांनी मी परत म्हटलं, “गॅस.” ती परत उठली. “बंद आहे, आई.” तिसऱ्यांदा ती जागची हलली नाही, तर मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. मग ती उठली, आणि या वेळी गॅसचा मेन कॉकच बंद करून, तांदळाचा डबा उचलून घेऊन आली, कारण मधल्या वेळात मी तिला तुमची गोष्ट सांगितली होती. डबा मांडीवर ठेवला. मी हात घातला. तिनंही घातला, कसं वाटतं बघायला. “गार वाटतं खरंच,” म्हणाली. रडत होती आणि हसतही होती. “आता ते बाहेरचे डबे बंद करते मी. कसले तेलकट!” दोन वाजता सगळं उतरलं. त्रास काही कमी झाला नाही, काका, उद्याही होईल. पण आज त्या अर्ध्या तासात माझ्याशेजारी कुणीतरी होतं.

ती आता जेवून आत पडलीय. जाण्याआधी तिनं विचारलं, “मग त्या काकांचं काय झालं पुढे?” आणि मी म्हटलं, “वय झालं होतं, रिटायर होऊन गावी गेले.” चोरीचं बोलले नाही. माझं नाव तर नाहीच नाही. एवढं सगळं उघडं केलं आणि नेमकं तिथे तोंड मिटलं. म्हणून हे लिहायला बसले.

सुपरवायझरनं त्या दिवशी तुम्हाला उभं करायच्या आधी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, “म्हातारा आजारी बिजारी आहे का?” मी म्हटलं, “मला काय माहीत.” मीठ आणायला गेले होते तेव्हा तुमच्या कपाळावरून टपटप गळणारा घाम मी बघितला होता, काका. गोणीबाहेरचा डावा हात कसा थरथरत होता तेही बघितलं होतं. आजारी माणूस मला ओळखू येत नव्हता असं नाही, घरात एक खाटेवर होताच. पण मी चिडलेली होते, दमलेली होते, आणि तुम्हाला जरा बोलणी बसावीत एवढंच मनात होतं. तुमची जागा मला हवी होती असं नाही. मिळाली तेव्हा नको म्हणाले नाही, एवढं खरं.

तुम्ही गावी आठ वर्षं जगलात. गेल्याचं मला वर्षभरानं कंपनीच्या गेटवरच्या वॉचमनकडून कळलं. आता हे पत्र पाठवायला पत्ता नाही, असं इथे लिहून संपवणार होते. पण तुमचा पत्ता ती आठही वर्षं वॉचमनच्या वहीत होता. रोज सकाळी त्याच्यासमोरून आत जात होते. मी कधी मागितला नाही.